चार बोटांचे अंतर

पट्ट्याचे दुसरे टोक कुणीतरी धरले, तेव्हा मीरिमने आधी हात पाहिला, माणूस नंतर. हात रुंद होता, आणि नखांत लाकडाचा बारीक भुसा अडकलेला होता. मान वळवून पाहणे शक्य नव्हते. ती एका उपड्या बादलीवर उभी होती आणि बादली डुगडुगत होती.

“ओढ,” ती म्हणाली.

“ओढतोय.”

“जेवला नाहीस का?”

“मी जेवलोय. पट्टाच उपाशी दिसतोय.”

तेव्हा मात्र तिने वळून पाहिले. तरुण अनोळखी होता. काखेत रिकामा डबा होता. वर वाटेवर एक लॉरी वाफा सोडत उभी होती. इंजिन तापले होते, पाणी हवे होते, इतकेच. वाऱ्याने त्याचे केस कपाळावर आणले, आणि ते सारायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. मीरिमला उगीचच हसू आले. ते तिने दाबले.

हसण्यासारखे खरे तर काही नव्हते. नवे गोल घर तिच्या भावाचे होते. लाकडी जाळीची भिंत, तिच्यावर काड्यांची चटई, त्यावर जाड पांढरे बुरणूस, आणि सगळ्यांवरून दाराच्या माथ्यावर येऊन मिळणारा हा नक्षीदार पट्टा. एका टोकाला मेंढ्याचे डावे शिंग विणलेले, दुसऱ्याला उजवे. दोन्ही जुळली की घर पुरे झाले. सुतारांनी जाळीच्या घेराची दोरी पाठवली होती. त्या दोरीबरहुकूम मीरिमने हिवाळाभर पट्टा विणला होता. उद्या नवरी यायची होती, आणि शिंगांच्या मध्ये बुरणुसाचा उघडा तुकडा दिसत होता.

उरकुया काकी कढईतला झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. “राहू दे ते. सुताराने सांगाडा वाढवून पाठवला, नाहीतर तू मागावर डुलक्या काढल्यास. दोघांपैकी एकाचे हात धड नाहीत. सुताराचे नसतील, तर लाकूड परत, आणि त्यांचं पाऊल पुन्हा या कुरणावर नको. तुझे नसतील, तर माग उद्यापासून माझ्या थोरलीकडे.”

मीरिमने पट्ट्याचे टोक सोडले नाही. माग तिच्या आईचा होता.

“काकी,” तरुण हळूच म्हणाला, “ते सुताराचे हात… हेच. मी कुबात. दोरी मीच कापली होती.”

काकींनी त्याच्याकडे पाहिले, मग झाऱ्याकडे पाहिले. “बरा सापडलास.”

“चूक असेल तर झारा खाईन. आधी एक सांगा, चटई आणि बुरणूस मिळून जाडी किती?”

“चार बोटं,” मीरिम म्हणाली.

“मग पट्टा पंचवीस बोटांनी तोकडा पडायला हवा. बारा बोटांची वीत धरली, तर दोन विती आणि एक बोट.”

मीरिमने वीत टाकली. एकदा, दोनदा. उरल्या जागेत तिचे एक बोट नेमके बसले. काकी झारा विसरून पाहत राहिल्या. आत काहीतरी करपू लागले, तेव्हा धावल्या.

“नजरेनं मापलंस,” मीरिम म्हणाली.

“इतकी चांगली नजर असती, तर आधी या वाटेनं गेलो तेव्हाच तुला पाहिलं असतं.”

हे तिने न ऐकल्यासारखे केले. “चार बोटांची पंचवीस कशी होतात?”

“दोरी उघड्या जाळीवर घेतली होती. जाळीवर चार बोटं चढली की मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर चार बोटांनी वाढतं. आणि ते जितकं वाढेल, त्याच्या सहापट आणि थोडा जास्त घेर वाढतो. छपराचं गोल कडं आखताना आम्ही मध्यापासून कडेपर्यंतची दोरी कडेकडेनं ठेवत जातो. सहाव्या खेपेला सुरुवातीला येते. पण दोरी सरळ जाते आणि कड वळून. म्हणून सहा आणि थोडं.”

“पण हे तर मोठं घर. काकीच्या स्वयंपाकाच्या छोट्या घराला कमी लागेल.”

“तितकंच लागेल. घर कितीही मोठं असो.”

“का?”

“ते… वडिलांनी नाही सांगितलं. येतं एवढं खरं.”

‘येतं’ एवढ्यावर मीरिमचे कधीच समाधान होत नसे. तिने मेंढ्या हाकायची काठी उचलली, एक टोक त्याच्या हाती दिले आणि दगडी वाड्याकडे चालू लागली. चौकोनी वाडा, आत कोकरे. “मी भिंतीला लागून चालते. तू काठीभर बाहेरून. काठी भिंतीशी काटकोनात राहू दे.”

“लोक बघतायत.”

“मेंढ्या बघतायत.”

सरळ भिंतीपाशी दोघांची पावले बरोबरीने पडली. तिचे जितके, तितकेच त्याचे. कोपऱ्यावर ती जागीच वळली, आणि त्याला मात्र गवतातून कमान चालावी लागली. पुन्हा भिंत, पुन्हा बरोबरी. पुन्हा कोपरा. चौथा कोपरा वळल्यावर मीरिम थांबली.

“तू जादा चाललास ते फक्त कोपऱ्यांवर,” ती सावकाश म्हणाली. “भिंती कितीही लांब असोत, तिथं काही जादा नाही. चार कोपरे मिळून मी एकदाच पूर्ण वळले… आणि तू काठीएवढं एक पूर्ण कडं चाललास.”

कुबातने आपल्या मागच्या दबलेल्या गवताकडे पाहिले. “आणि गोल घर?”

“गोलाला सरळ भिंतच नाही. तो नुसता कोपरा आहे, थोडा थोडा वाटून दिलेला. तरी एका फेरीत वळणं एकदाच.” तिचा आवाज हळू झाला. “घर लहान लहान करत एका ठिपक्यावर आणलं, तरी मी जागेवर वळेन आणि तू तेवढंच चालशील. मग आणखी एक काठी लांब जा, आणखी तितकंच. प्रत्येक काठीला सहा आणि थोडं. घेर म्हणजे दुसरं काही नाहीच.”

खाली सरोवर पसरले होते, पलीकडचा काठ धुरकट निळा. तेच सरोवर, पण आज त्याच्याकडे पाहताना मीरिमच्या अंगावर काटा आला.

“त्याच्याभोवती?” कुबातने विचारले.

“तितकंच.”

“पृथ्वीभोवती?”

“वाटेत डोंगर नसतील तर… तितकंच.”

काकींची हाक आली. जोड आज विणून व्हायलाच हवा होता, आणि तो बसेपर्यंत सुतार ओलीस राहणार होता. मीरिमने मागावर तेवढेच सूत ताणले. कुबातने लॉरीत पाणी भरले, काकींची बोलणी ऐकली, त्यांचे तळलेले पावही खाल्ले. उन्हे कलली तेव्हा दोघांनी पट्टा मध्ये कापून तिथे जोड शिवला आणि पट्टा पुन्हा चढवला. शिंगे जुळली. काकींनी त्यावरून बोट फिरवले, नाक उडवले, आणि पुढच्या पट्ट्याचे सूत मीरिमच्या हाती ठेवले; माग कुठेही जाणार नव्हता.

लॉरीपर्यंत मीरिम काठी घेऊन गेली. काठीचे दुसरे टोक कुबातच्या हातात कधी आले, ते कुणी पाहिले नाही.

“परतताना याच वाटेनं येईन,” तो म्हणाला. “पाणी लागेल.”

“इंजिन रोजच तापतं का?”

“आजपासून.” तो अडखळला. “मीरिम… तू आतून चाल, मी बाहेरून. जन्मभर. सहा काठ्या आणि थोडं, एवढंच मला जादा पडेल.”

तिने काठीकडे पाहिले. एका टोकाला तिची बोटे, दुसऱ्याला त्याची. विचार करण्यासारखे फार नव्हते. अंतर जितके, तितकीच जादा वाट; अंतर कमी केले, की वाटही कमी.

“आणि अंतरच ठेवलं नाही तर?” तिने विचारले.

कुबातने मनात हिशेब केला. मग काठी अलगद गवतात पडली.