स्टोव्हवरचा गुलाब

"मी हवा सोडा म्हटलं होतं, काकू! पोरीची शपथ!" प्रेमिला दारातूनच ओरडली.

वामनरावांचा चहा सांडला. त्यांच्या वहिनी भागीरथाबाई फी घेऊन वाडीतल्या भानगडींचा छडा लावत. वामनराव नुसते सोबत जात.

प्रेमिलानं स्टोव्ह दुरुस्ती शिकवणारी व्हिडिओ कॅसेट काढली होती. ती पाहून शेजारच्या तारानं तुंबलेल्या, न पेटणाऱ्या स्टोव्हचा बर्नर उघडला. आतल्या हवेनं रॉकेल उसळलं, बाजूच्या चुलीवर पडलं. तारा भाजून दवाखान्यात होती आणि तिचा नवरा प्रेमिलाविरुद्ध पोलिसांत निघाला होता.

"कॅसेट लाव वं," भागीरथाबाई म्हणाल्या.

भाड्याच्या व्हीसीआरवर प्रेमिला दिसली. स्टोव्ह निळा फरफरत होता. मग सनई वाजली, पडदाभर एक गुलाब गोल फिरला. गुलाब गेला तेव्हा स्टोव्ह विझलेला, आणि प्रेमिला फडक्यानं धरून बर्नरला पाना लावत होती. हवेबद्दल चकार शब्द नाही.

"हा गुलाब आपल्या जयाच्या लग्नाच्या कॅसेटीत आहे, वहिनी! पाठवणीच्या रडारडीत!"

"मले दिसते," त्या म्हणाल्या.

दोघं आधी स्टोव्ह दुरुस्तीवाल्या चंपतरावांकडे गेले. ते फणकारले, "बाया घरीच बर्नर खोलू लागल्या. माझं गिऱ्हाईक तुटलं, राग आहेच! पण त्या व्हिडिओचं बटनबी मले समजत नाही."

जयाच्या लग्नाचं शूटिंग केलेला आणि प्रेमिलाची कॅसेटही काढलेला रुपराव मात्र आपल्या दुकानात गोड बोलला. "मी काहीच कापलं नाही, बाई. हवेच्या चावीले हातबी न लावता तिनं सरळ बर्नरले पाना लावला. गुलाब रंगत यावी म्हणून टाकला. लोकं कंटाळतात ना!"

"चंपतराव इथं येऊन काही करून गेले काय?"

"छे! या मशीनले माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही."

भागीरथाबाईंनी प्रेमिलाला तिथंच बोलावून घेतलं.

"भाऊजी, पंपाचा स्टोव्ह विझवता कसा?"

"फुंकर मारून?"

"जन्मात एकदा चहा केला असता, तर समजलं असतं! फुंकरीनं नाही विझत तो. चावी सैल करा, हवा सोडा, तवाच विझते. गुलाबाआधी स्टोव्ह पेटलेला, गुलाबानंतर विझलेला. म्हणजे मधात प्रेमिलानं चावी फिरवली. अन् हा म्हणते, हातबी लावला नाही! ताराचा स्टोव्ह पेटतच नव्हता. विझवायचं काम नाही, म्हणून हवा आतच राहिली. सांगणारं वाक्य याच्या गुलाबाखाली गाडलं. मशीनले हात फक्त याचा, चंपतराव सुटले. काहून कापलं, रुपराव?"

रुपरावाची मान खाली गेली. "हवा सोडताना फुस्स आवाज आला. दुकानातली पोट्टी खो खो हसली. अशी कॅसेट कोण घेईन? म्हणून तेवढंच..."

"तेवढंच?" प्रेमिला पुढे आली. "तेवढ्यातच जीव होता, मेल्या! अन् वरून माझ्यावर ढकलून राहिला?"

"तारापुढं सांगतो, बाई. उद्या जातो दवाखान्यात."

भागीरथाबाईंनी दाराजवळच्या त्याच्या चपला पायानंच त्याच्यापुढे सरकवल्या.

"घाल."