तिसरा खण

“हा राक्षस घरात आला तर आम्ही झोपायला कुठे जायचं? तुझ्या शेठच्या दुकानात?”

ताई ओरडत होती, आणि तिला ओरडावंच लागत होतं. भंगारशेठनं तो जुना सर्व्हर नुकताच चालू करून दाखवला होता. कुठल्यातरी ऑफिसातून निवृत्त झालेला, लांबलचक, चपटा, लोखंडी. आतले सगळे पंखे एकदम सुटले तेव्हा काउंटरवरचे कागद उडाले.

“अगं, आठ डिस्क बसतात यात!” तडक्या तिच्या वरताण ओरडला.

“आणि विजेचं बिल कोण भरणार? याचा आजोबा?”

शेठनं बटण दाबलं. पंखे थांबायला वेळ लागला. दुकान शांत झालं तरी दोघं त्याच पट्टीत भांडत होते, तेव्हा शेठ म्हणाला, “बंद केलाय मी. आता तुम्ही पण बंद व्हा.”

तडक्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, आणि दाखला शाळेतच पडून होता. दहावीत त्यानं शाळा सोडली की शाळेनं त्याला, यावर घरात दोन मतं होती. डोकं लगेच सटकायचं म्हणून सगळे तडक्या म्हणायचे. पण नजर घारीची. कुठल्या यंत्राला आधी कुणी हात घातलाय, हे तो स्क्रूच्या तोंडावरून सांगायचा.

ती नजर आता मागच्या फळीवर गेली. तिथे एक काळा डबा होता. छोट्या पेटीएवढा, चार खणांचा. प्रत्येक खणाला कडी होती. कडी ओढली की डिस्क धरणारा ट्रे अलगद बाहेर यायचा. तडक्यानं डबा उलटा केला, हलवला, उजेडात धरला. स्क्रू कोरे होते. पंख्याच्या जाळीत धूळ नव्हती, आणि तेच त्याला खटकलं. जुन्या मालात धूळ हवीच. नाक लावून बघितलं. जळका वास नव्हता. बंद कपाटातल्या कपड्यांचा यावा तसा वास आला.

“हा कुठला?”

“एका घरातला,” शेठ म्हणाला.

“ऑफिसातला नाही?”

“घरातला म्हटलं ना. घेतोस?”

एरवी शेठ एका वायरसाठी अर्धा तास घासाघीस करायचा. आज त्यानं डबा स्वतःच पिशवीत घातला. चार वापरलेल्या डिस्क दिल्या, वर जास्तीची एक, आणि हात पँटला पुसले.

“एक सांगतो. बाकी काहीही परत आण. हा आणू नकोस.”

“चारच खण आहेत,” तडक्या वाटेत कुरकुरला.

“आपण चौघंच तर आहोत,” ताई म्हणाली. मग ती झपाझप पुढे चालू लागली.

कारण तीन वर्षांपूर्वी ते पाच होते. दादा, म्हणजे ताईच्या पाठचा, नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी सकाळी निघाला, तो परत आला नाही. ना फोन लागला, ना माणूस सापडला. मागे राहिलं ते आईच्या फोनमध्ये, बाबांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, ताईकडे थोडं, तडक्याच्या कार्डांवर थोडं. फोटो, दोन-चार व्हिडिओ. आणि त्या दिवशी दुपारी व्हॉइस मेसेजमध्ये आलेला त्याचा आवाज: “आई, आज मला उशीर होईल. जेवून घ्या.”

आई कपडे बेतायची, शिवायची. मशीनवर बसण्याआधी ती तो आवाज एकदा ऐकायची. “सांगून गेलाय तो, उशीर होईल म्हणून,” असं म्हणून हसायची, आणि ते हसू बघायला कुणी थांबायचं नाही. आता तिचा फोन मरायला टेकला होता. मध्येच काळा पडायचा, तापायचा. तो गेला की दादाचा आवाज गेला. म्हणून हा सगळा खटाटोप. सगळं एका जागी आणायचं, आणि असं ठेवायचं की परत काही हरवता कामा नये.

तडक्यानं डबा पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारच्या फळीवर बसवला.

“आई, बघ. सगळं चार डिस्कवर वाटून ठेवायचं. कुणा एकीकडेही पूर्ण नाही. एखादी मेली तर नवी लावायची. डबा बाकीच्या तिघींना विचारून चौथीतलं सगळं परत लिहून काढतो.”

आईनं दात लावून दोरा तोडला. “तिघींना आठवेल तेवढंच लिहिणार ना पण?”

“मशीन आहे गं ते. आठवायचं काय त्यात?”

डिस्क चारही सारख्या दिसत होत्या. ओळखू याव्यात म्हणून त्यानं खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आई, बाबा, मी, ताई. ताईला मुद्दाम शेवटचा खण दिला. दुकानातला राग अजून गेला नव्हता.

पहिला आठवडा बरा गेला. चार हिरवे दिवे लुकलुकायचे. आई दुपारी टीव्हीच्या पडद्यावर फोटो लावून काज करायची. बाबा टँकर चालवून घरी यायचे ते बूट न काढताच डब्यासमोर बसायचे. बोलायचे नाहीत. तसेही ते तीन वर्षं फारसे बोललेच नव्हते.

मग आवाज सुरू झाला. डिस्क फिरताना टकटक करतेच, जुनी तर जास्तच. पण ही टकटक थांबून थांबून यायची. तीन सलग, एक थांबून, परत दोन.

“टेबलावर बोटं वाजवतोय,” आई म्हणाली. सुईत दोरा ओवता ओवता, सहज.

“कोण?”

आईनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं परत विचारलं नाही. दादा अभ्यास करताना तसंच वाजवायचा, हे त्यालाही ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट फक्त त्याच्याच नजरेला आली. घरातलं कुणी काही बघत नसलं, की चारही दिवे शांत असायला हवेत. पण तिसरा एकटाच लुकलुकायचा. तडक्या खोलीत आला, की थांबायचा. त्यानं दाराआडून बघितलं. स्वयंपाकघरात टांगलेल्या आरशातून बघितलं. त्याच्याच नावाचा खण, आणि त्यालाच बघून गप्प बसायचा.

“डबा परत देऊन येतो,” तो एकदा म्हणाला.

“का?” आई, बाबा आणि ताई तिघंही एकदम म्हणाले. तिघांचा आवाज एकाच पट्टीत.

रविवारी सकाळी डब्यानं किंकाळी फोडली. बारीक, न थांबणारी. आभाळ भरून आलेलं, घरात दिवे लावावे लागलेले. टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं आली: खण ३. डिस्क निकामी होत आहे. बदला.

“बदल ना मग! बघत काय बसलास?” ताई आंघोळ अर्धी टाकून आली होती, केसांतून पाणी गळत होतं. “सगळं जाईल! त्याचं सगळं जाईल!”

“ओरडू नकोस! बदलतोय!”

“एक काम धड करत नाहीस तू!”

त्याचं डोकं सटकलं. एक, दोन, तीन. कडी धरून त्यानं तिसरा ट्रे खसकन ओढला, शेठची जास्तीची डिस्क त्यात बसवून आत ढकलली. किंकाळी थांबली. पडद्यावर आलं: तिघांवरून चौथा पुन्हा लिहिला जात आहे.

“झालं? सुटलं का तुझं भूत?” तो ताईला म्हणाला, आणि तेव्हाच त्याची नजर चौथ्या खणावर गेली.

तिथला दिवा नारिंगी होता.

त्यानं बोटानं खण परत मोजले. डबा शून्यापासून मोजतो. शून्य, एक, दोन, तीन. त्याचा तीन म्हणजे माणसांचा चौथा. शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट, आणि रागाच्या भरात तो ती विसरला. निकामी होत होती ती ताईची डिस्क. त्यानं काढली ती त्याची स्वतःची. तिला काहीच झालेलं नव्हतं.

आता मध्येच थांबवलं तर चारही जायच्या. तो फळीखाली बसून राहिला. काढलेली डिस्क हातात होती. ती गार होत नव्हती.

दुपारी जेवायला बसले. आईनं बाबांना वाढलं, ताईला वाढलं. त्याच्याजवळ आली आणि डाव हातात धरून थांबली.

“तुला तिखट चालतं ना रे?”

“रोजच तर खातो! आज काय झालंय तुला?”

“अरे, रागावतोस काय? विचारलं नुसतं.” ती जरा मागे सरकली.

बाबांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी ते स्वतःहून बोलले. “लांबून आलायस का?”

ताई हसेल असं त्याला वाटलं. बाबांची चेष्टा आहे, असं ती म्हणेल. ती खाली मान घालून जेवत होती, परक्या माणसासमोर जेवतात तशी.

तो अर्ध्या ताटावरून उठला आणि फोटो उघडून बसला.

गेल्या महिन्यातला, गच्चीवरचा. आई, बाबा, ताई. आणि ज्या जागी तो उभा होता तिथे दादा. त्याच्याच चौकड्यांच्या शर्टात. तीन वर्षांनी मोठा झालेला, दाढी राखलेला.

मागे गेला. नवी सायकल, हँडल धरून दादा. सायकल दादाला कधीच घेतली नव्हती.

अजून मागे. हनुवटीला टाके पडले तेव्हाचा. पट्टी बांधून रडणारं पोर. ते पोरही दादाच.

त्याचा हात आपल्या हनुवटीवर गेला. टाक्यांची जागा त्याला डोळे मिटूनही सापडायची. हनुवटी गुळगुळीत होती.

तिघांना विचारलं होतं डब्यानं, चौथा कोण. तिघांनी सांगितलं होतं.

पडद्यावर आलं: काम पूर्ण. चौथ्या खणातला दिवाही आपोआप हिरवा झाला.

तो ताडकन उठला. अजून उशीर झाला नव्हता. नवी डिस्क काढायची, आपली परत बसवायची. त्यानं तिसऱ्या खणाची कडी धरली.

स्वयंपाकघरात आईचा फोन वाजला.

“हो रे, घरातच आहोत सगळे,” आई म्हणाली, आणि हसली. खळखळून. ते हसू असं होतं, हे तो विसरूनच गेला होता. “ये ना मग. वाट कसली बघतोयस?”

त्यानं कडी ओढली. ट्रे बोटभर बाहेर आला. दिवा विझला.

“हॅलो?” आई म्हणाली. “हॅलो? अरे, आवाज येत नाहीये. बाळा? हॅलो?”

तिचा आवाज चिरत गेला. तीन वर्षांपूर्वी याच आवाजात ती दिवसभर फोन करत होती. बाबा उठून उभे राहिले. ताईच्या हातातली ताटली खाली पडली.

“हॅलो? बोल ना रे!”

त्यानं डोळे मिटले आणि ट्रे आत ढकलला.

दिवा लागला.

“हां, आला आवाज. किती घाबरवलंस मला!”

कडीवरचा हात काढायला त्याला वेळ लागला. आपली डिस्क त्यानं खिशात घातली. ती अजून गरम होती.

खाली जिन्यात पावलं वाजली. दोन दोन पायऱ्या एकदम.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं त्याच्याकडे बघितलं. चांगल्या, मायेच्या नजरेनं. कामाला आलेल्या कुणाच्याही पोराकडे तिनं असंच बघितलं असतं.

“झालं का रे तुझं काम? नीट चालेल ना आता हा डबा?”

“चालेल.”

“दमलास. बस जरा. आमचा मोठा येतोय, भेटून जा.” मग ती स्वतःशीच हसली. “मुलगा एकच आहे मला, पण तोंडात ‘मोठा’च बसलंय. का, ते कोण जाणे.”

पावलं दाराशी आली. सांगायचं होतं ते त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण तोंड उघडलं तेव्हा भलताच शब्द बाहेर पडला, आणि तो जराही अडखळला नाही.

“नको काकू. मला निघायला हवं आता.”