नुसतं नाव आणि गाव

चेंडू राजेश्वरीच्या हातून निसटला तो थेट अविराजच्या मोबाईलवर जाऊन आदळला. मोबाईल स्टँडवर उभा होता आणि त्याच्यासमोर अविराज 'नमस्कार मंडळी' म्हणत उभा होता. मंडळी मातीत पडली.

आता हा भांडणार, म्हणून राजेश्वरीनं आधीच कंबरेवर हात ठेवले. पण त्यानं मोबाईल शर्टाला पुसला, तिच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "फेक जोरात हाय. फक्त रिंग तिकडं हाय."

बारामतीच्या त्या कॉलेजच्या मैदानावर संघाच्या कर्णधाराशी असं कुणी बोलत नसे. मुली खिदळल्या. राजेश्वरीनं चेंडू उचलला आणि कडेच्या रेघेबाहेरून, त्याच्या शेजारी उभी राहूनच, रिंगच्या दिशेनं भिरकावला. गेला नाही. रिंगच्या जवळपाससुद्धा फिरकला नाही. मग दोघंही एकाच वेळी हसली, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

अविराज कोऱ्हाळे बुद्रुकचा. त्याचे वडील संभाजीतात्या कुस्त्यांच्या फडात माइकवर निवेदन करायचे. कोण पैलवान, कुठल्या तालमीचा, त्याचा हातखंडा डाव कुठला, हे तात्या असं काही सांगत की कुस्ती लागायच्या आधीच लोक टोप्या उडवत. अविराजनं बापाचा आवाज उचलला आणि हातात मोबाईल घेतला. आसपासच्या कुठल्याही मोठ्या सामन्याआधी त्याचा व्हिडिओ यायचा. कोण कुणाला भिडणार, कुणाचं पारडं जड, कुणावर नजर ठेवायची, सगळं त्यात असे. खेळणारी पोरंपोरी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत. सामन्याचा अंदाज घ्यायला नव्हे हो, आपलं नाव त्यात कसं येतंय ते ऐकायला!

यंदा त्यानं मुलींच्या बास्केटबॉलचा नाद धरला होता. म्हणजे, तो तसं सांगत होता. 'तयारी बघायला आलो' म्हणत तो रोज संध्याकाळी कट्ट्यावर हजर. राजेश्वरीची मैत्रीण संस्कृती उंच उडी घेऊन चेंडू पकडण्यात पटाईत होती, आणि माणसं ओळखण्यातही. "हा तयारी बघतोय खरा," ती म्हणाली, "पण एकटीचीच बघतोय."

एका संध्याकाळी राजेश्वरीच्या गावाची, कऱ्हाटीची एस.टी. येता येईना. हवेत गारवा उतरला होता, कारखान्याकडून मळीचा वास येत होता. उसाची ट्रॉली सावकाश निघाली होती, अविराजनं तिच्यातलं एक कांडं ओढलं आणि राजेश्वरीपुढं धरलं. ती दातांनी सोलायला लागली. तो बघत राहिला.

"असं काय बघतोस?"

"दात मजबूत हायेत."

"हे पण सांगणार का व्हिडिओत?"

"न्हाय," तो हळूच म्हणाला. "समदंच व्हिडिओत सांगत न्हाय मी..."

तेवढ्यात एस.टी. आली. घरी पोचेपर्यंत तिच्या ओठांना उसाचा गोडवा होता आणि कानात ते वाक्य. तिला आता अंतिम सामन्याच्या व्हिडिओची ओढ लागली. कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची विभागीय अंतिम लढत शनिवारी इंदापूरला होती, समोर इंदापूरचाच संघ. जिंकलो तर पुढं खेळायचं, नाहीतर बूट कायमचे माळ्यावर. आणि ह्या सामन्याआधी अविराज आपल्याबद्दल काय बोलतो... खरं सांगायचं तर तिला सामन्यापेक्षा ह्याचीच धाकधूक जास्त होती.

गुरुवारी सरावानंतर व्हिडिओ आला. सगळ्या मुली एका मोबाईलवर वाकल्या.

"शेळगावची सोनम!" अविराजचा आवाज घुमला. "उंची बघा मंडळी! हात वर केला की चेंडूला वाट विचारून जावं लागतं. ही उडी मारत न्हाय, झेप घेती! हिच्या डोक्यावरनं बास्केट करणारी मला अजून भेटायची हाय..."

बरं, एवढ्यावर थांबावं? तर नाही. गडी थेट शेळगावला तिच्या घरी जाऊन आला होता. अंगणात खांबाला ठोकलेली रिंग, तिच्याखाली मोकळे केस सोडून उभी असलेली सोनम. मग सोनमच्या हातची भाकरी आणि ठेचा. ठेचा लागून त्याच्या डोळ्यांत पाणी, सोनमच्या हातात पाण्याचा तांब्या, आणि दोघांचं ते खळखळून हसणं. राजेश्वरीला वाटलं, तो ठेचा आपल्यालाच लागलाय.

शेवटी बारामतीची पाळी आली. संस्कृतीला त्यानं 'रिंगखालची वाघीण' म्हटलं. राखीव खेळाडूंचंही दोन-दोन शब्द कौतुक केलं. मग किंचित थांबला.

"आणि कर्णधार राजेश्वरी. गाव कऱ्हाटी."

झालं. पुढं सामन्याची वेळ, 'यायला लागतंय', नमस्कार.

बाकीच्या मुली आपापल्या पिशव्या भरायला लागल्या. शेवटी संस्कृतीच म्हणाली, "नाव घेतलं की गं तुझं."

"गावाचं नाव एस.टी.च्या पाटीवर पण असतं," राजेश्वरी म्हणाली आणि बूट काढायला लागली. नाडीची गाठ सुटेना, तेव्हा तिनं बूट तसाच ओढून काढला.

रात्री जेवताना आई तिच्या ताटाकडं बघत होती. "काय झालंय गं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हणतीस, आन् चपातीचा नुसता चुरा केलायस. कुणाचा राग हाय तिच्यावर?"

"आई, मोकळं सोडलं तर माझं केस बरं दिसतील का?"

आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "तेल लावून देऊ का?" तिनं विचारलं, आणि राजेश्वरीला रडूच आलं.

माणूस एकदा जळायला लागला की त्याला सगळीकडं धूरच दिसतो. अविराज इतके दिवस कट्ट्यावर बसायचा तो आपल्यासाठी नाहीच, इंदापूरला सांगायला आपले डाव टिपत होता, इथवर तिची मजल गेली. शुक्रवारच्या सरावात तिनं कुणालाच चेंडू दिला नाही. मधे येणाऱ्या प्रत्येकीच्या जागी तिला सोनम दिसत होती, आणि सोनमच्या डोक्यावरून चेंडू गेलाच पाहिजे, तोही अविराजच्या डोळ्यांदेखत, एवढंच तिच्या मनात होतं.

"अगं, पास दे की!" प्रशिक्षक मोहनराव ओरडले. "पाच जणींचा खेळ हाय ह्यो. एकटीनंच खेळायचं असंल तर बुद्धिबळाला जा!"

सराव संपला आणि अविराज समोर आला.

"व्हिडिओ बघितला का?"

"बघितला. छान झालाय. तुम्हाला ठेचा फार लागला का हो?"

"तुम्हाला?" तो चमकला. "कालपर्यंत मी तू होतो."

"कालपर्यंत मी पण कुणीतरी होते."

तो गडबडला. मोबाईलसमोर सुसाट बोलणारा, आणि इथं हाताची बोटं मोडत उभा. "राजेश्वरी, ते तसं न्हाय... आमच्यात त्याचं वेगळं... हे बघ, उद्या सामन्याचा माइक माझ्याकडं हाय. आत्ता बोलून बसलो तर उद्या तोल जाईल माझा. सामना झाला की सांगतो."

"जाऊ दे की तोल. सावरायला तांब्या घेऊन येईल कुणीतरी."

एवढं बोलून ती ताडताड निघाली. कोपऱ्यावर जाऊन तिनं मागं वळून पाहिलं. तो तिथंच उभा होता. त्याचंही तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

शनिवारी इंदापुरात मैदान भरून गेलं होतं. माइकवर अविराजचा आवाज घुमत होता, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून राजेश्वरी कपडे बदलायला दिलेल्या वर्गात शेवटपर्यंत बसून राहिली. दारात सावली पडली. उंच, सडसडीत, केसांची घट्ट वेणी घातलेली सोनम.

"तूच ना कऱ्हाटीची?"

"व्हय. आन् तू चेंडूला वाट विचारायला लावणारी."

सोनम हसली नाही. बाकावर येऊन बसली. "तुला एक विचारायचंय. तुमचं ठरलंय का?"

"कुणाचं?"

"तुझं आन् अविराजचं." सोनम बुटाच्या नाडीशी चाळा करत होती. "व्हिडिओ आल्यावर मी नुसती हवेत होते गं. एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं न्हवतं. मोठ्या हौसेनं आबांना दाखवला. आमचे आबा जुने पैलवान, संभाजीतात्यांच्या निवेदनावर कुस्त्या केलेले. सगळा बघितला आन् मला म्हणाले, सोने, ह्या पोराचा नाद सोड."

"का?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाले, त्या घरात एक रीत हाय. घरचं माणूस फडात उतरलं की निवेदकानं त्याचं नुसतं नाव आन् गाव घ्यायचं. तोंड भरून कौतुक करायचं ते परक्या गड्याचं. माइक घरचा म्हणून घरच्याला मोठं केलं, असं कुणी म्हणायला नको. संभाजीतात्यांनी सख्ख्या भावाच्या कुस्तीत पण एक शब्द जास्त काढला न्हवता म्हणे." सोनमनं मान वर केली. "आन् मग आबांनी विचारलं, ही कऱ्हाटीची पोरगी कोऱ्हाळ्यात दिली कधी?"

"अजून... दिली न्हाय," राजेश्वरी म्हणाली, आणि 'अजून' म्हटल्याचं लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाली.

"बघ की," सोनम म्हणाली. "तू माझ्या एवढ्या मोठ्या व्हिडिओवर जळलीस. आन् मी तुझ्या एका ओळीवर." ती उठली. डोळे तिनं बाहीनं पुसले, घाम पुसावा तसे. "आज माझ्या डोक्यावरनं एक चेंडू जाऊ देणार न्हाय तुला."

"नको देऊस," राजेश्वरी म्हणाली. तिला सोनम अचानक फार आवडली, आणि तिला ठेच्यावरून मनात किती शिव्या दिल्या ते आठवून लाजही वाटली.

सामना सुरू झाला तेव्हा आमच्या कर्णधारबाई जमिनीवर नव्हत्याच. पहिल्या सत्रात दोनदा हातातला चेंडू गेला, आणि एकदा तर ती उगीचच हसली. मोहनरावांनी बाहेर कपाळाला हात लावला. मग ती सावरली. संघ मागून पुढं आला, पुन्हा मागं पडला, आणि सामना संपायला आला तेव्हा बारामती फक्त एका गुणानं मागं होती. चेंडू राजेश्वरीकडं. समोर हात पसरून सोनम.

शुक्रवारी तिला हेच हवं होतं. हीच जागा, हीच सोनम आणि माइकजवळ तो. पण आता ते कुणाला दाखवायचं होतं? रिंगखाली संस्कृती मोकळी दिसली. राजेश्वरीनं सोनमच्या हाताखालून पास दिला. संस्कृतीनं उडी घेतली. चेंडू रिंगच्या कडेवर बसला, गोल फिरला... आणि बाहेर पडला. सोनमनं तो छातीशी कवटाळला आणि शिट्टी वाजली.

बारामती हरली.

अविराजनं इंदापूरचा विजय जाहीर केला. सोनमचं नाव त्यानं असं घेतलं की मैदान दणाणून गेलं. "बारामतीचा संघ..." त्यानं सुरुवात केली, आणि त्याचा आवाज मधेच बसला. लोकांना वाटलं, माइक बिघडला. राजेश्वरी रडणाऱ्या संस्कृतीला जवळ घेऊन उभी होती. बूट आता माळ्यावर जाणार होते.

बक्षिसं झाली, गर्दी पांगली, खुर्च्यांवर खुर्च्या चढायला लागल्या. ती सरळ माइकपाशी गेली.

"तुझ्या घरचे हरले," ती म्हणाली.

अविराजनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला. "तुला कुणी..."

"शेळगावच्या आबांनी. सगळ्या इंदापूर तालुक्याला ठाऊक हाय, फक्त मलाच न्हाय."

"तुला विचारायच्या आधी मला असं करायचं न्हवतं," तो खाली मान घालून म्हणाला. "बोलताना तोंडातनं तसंच आलं. पुसून परत रेकॉर्ड केलं. परत तसंच आलं. मग म्हटलं, आता हे खोटं कशाला करायचं... तुला पटलं नसंल तर सांग. मी दुसरा व्हिडिओ टाकतो. त्यात तुझं भरपूर कौतुक करतो."

"खबरदार!" ती इतक्या जोरात म्हणाली की खुर्च्या उचलणारे वळून बघायला लागले. मग आवाज खाली आणत तिनं विचारलं, "पण मग काय, जन्मभर सोनमचंच कौतुक ऐकायचं का मी? माझं कधीच न्हाय?"

'जन्मभर' त्यानं ऐकलं.

"माइकवर न्हाय," तो म्हणाला.

"आन् माइक बंद असला तर?"

अविराजनं माइकचं बटण दाबलं. बारीक लाल दिवा विझला. मग तो तिच्याकडं वळला आणि अडकला.

"तू..."

"हां, मी. पुढं?"

"तू तो शेवटचा पास दिलास ना..."

"हरवणारा?"

"त्याच्याइतकं देखणं मी आजवर कुठल्या मैदानावर बघितलं न्हाय."

शिट्टीपासून आवरून धरलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून एकदम वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही. तिकडं संघाची गाडी सुरू झाली होती आणि दारातून संस्कृती हाका मारत होती.

"आले!" राजेश्वरी ओरडली, आणि तिथंच एक खुर्ची ओढून बसली.

"बोल," ती अविराजला म्हणाली. "आन् सोनमपेक्षा जास्त वेळ बोलायचं."