पंचविसावी खूण

कस्तुरी उलट्या पावलांनी चालत होती. हातात लॅपटॉप, डोळे पडद्यावरच्या सिग्नलच्या आकड्यावर, आणि पायाखाली बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या गिअरच्या कारखान्याची तेलकट फरशी. मागे कुणी उभं असेल हे तिच्या गावीही नव्हतं. धडकली ती थेट एका निळ्या शर्टावर.

"स्वल्प बाजूला उभं राहायला काय झालं?" रागाच्या भरात तिच्या तोंडून घरातली कानडी वळणाची मराठी निघाली.

"बाजूलाच होतो... बाजू तुम्ही बदललीत," तोही मराठीतच म्हणाला. "मी उल्हास. पुण्याहून आलोय. तुम्ही जो चिपसेट तपासताय ना, तो आमच्या कंपनीचा. कुठे उभा राहू, सांगा."

कस्तुरीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. मराठी म्हणजे आई, अण्णा आणि मल्लेश्वरमचं स्वयंपाकघर. ती अशी कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात, हसऱ्या आवाजात भेटेल असं तिला वाटलं नव्हतं. उल्हास तिच्या डाव्या खांद्याशी उभा राहिला, आणि तिनं त्याला हलवलं नाही.

साल होतं अठ्ठ्याण्णव. तारांशिवाय कारखान्यातले कॉम्प्युटर जोडणारा डबा तिची छोटीशी कंपनी बनवणार होती. त्यात चिपसेट कुठला घालायचा? उल्हासचा वेगवान होता. मद्रासच्या कंपनीचा संथ, आणि त्यांचा माणूस कधी यायचाच नाही, नुसते फॅक्स यायचे. निवड तिचे साहेब रघुपती सरांनी कस्तुरीवर सोपवली होती. तिची ही पहिलीच मोठी जबाबदारी. "डबा बंद पडला तर नाव तुझं," एवढंच ते म्हणाले होते.

तिनं फरशीवर खडूनं चोवीस खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर उभं राहून, डाव्या भिंतीशी ठेवलेल्या नमुन्याच्या डब्याचा सिग्नल लॅपटॉपवर मोजायचा. सकाळी उल्हाससमोर त्याचा चिपसेट, दुपारी तो गेल्यावर दुसरा.

"एवढं कपाळाला आठ्या घालून बघता, सिग्नल घाबरून पळतो," तो म्हणायचा.

"तुमचा सिग्नलच भित्रा आहे, त्याला मी काय करू?"

भित्रा होताच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जड मनानं तिनं अहवालात लिहिलं : वेगवान चिपसेट नापास, चौदा जागी सिग्नल तुटतो. ही ऑर्डर गेली तर कंपनी उल्हासला पुण्याला परत बोलावणार, हे तिला ठाऊक होतं. तरी लिहिलं.

चौथ्या दिवशी ती शेवटची खात्री करत होती आणि उल्हासला यायला उशीर झाला. सातव्या खुणेवर आकडा चक्क दुप्पट! ती बघतच राहिली. तेवढ्यात तो धावत आला, नेहमीच्या जागी उभा राहिला... आणि आकडा धाडकन खाली.

"मागे व्हा."

तो मागे झाला. आकडा वर.

"पुढे या."

आकडा खाली. कस्तुरीचे कान तापले. माणसाच्या अंगातलं पाणी सिग्नल गिळतं, हे ती कॉलेजातच शिकली होती. तीन दिवस तो डबा आणि लॅपटॉपच्या मधोमध उभा होता, आणि तिला ते दिसलं नव्हतं. कारण तो तिथं असणं तिला हवं होतं. झालं, कबूल करून टाकलं तिनं... मनातल्या मनात.

"उल्हास, गेटबाहेर जा. चोवीसही खुणा पुन्हा. दोन्ही चिपसेट, आजच."

"उद्या दुपारी अहवाल द्यायचाय ना?"

"म्हणूनच आज."

दिवसभर ती एकटी फिरली. पाय भरून आले, पण थांबली नाही. चौदापैकी बारा जागा सुधारल्या. उरल्या दोन, मोठ्या प्रेस यंत्राच्या मागच्या. तिथं वेगवान चिपसेटचा सिग्नल तरीही तुटत होता, संथ चिपसेटचा मात्र टिकून होता. आणि मालाची नोंद नेमकी तिथंच व्हायची. तिनं पुन्हा तीनदा मोजलं. आकडा बदलावा असं फार वाटत होतं. बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी रघुपती सरांनी विचारलं, "आधीचे आकडे का चुकले?"

"माझ्यामुळे, सर. मी एका माणसाला हलायला सांगितलं नाही."

सरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, "सरी, ठीक आहे," म्हणाले आणि संथ चिपसेटवर सही केली.

उल्हास कारखान्याच्या गेटशी वाट बघत होता. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, "नाही मिळाली ऑर्डर. दोन जागांमुळे गेली."

"बारा जागी मी आडवा आलो, दोन जागी चिप," तो हसला, पण हसू पुरतं जमलं नाही. "एक सांगू? मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

"काय?"

"मी मध्ये उभा राहिलो की आकडा पडतो ते. रोज ठरवायचो, आज लांब उभा राहीन म्हणून..."

"आणि मी खोटा अहवाल देणार होते!" ती खरंच चिडली होती. "हे पुन्हा चालणार नाही."

"नाही चालणार. आता विकायलाही काही नाही माझ्याकडे, म्हणून विचारतो. पुण्याहून बोलावणं आलं तरी मी जाणार नाही. इथंच काम शोधीन. तुम्ही म्हणालात तर." तो घुटमळला. "कस्तुरी, मी कुठे उभा राहू?"

तिनं पर्समधून उरलेला खडू काढला. वाकली, आणि आपल्या डाव्या पायाशेजारी, अगदी जवळ, एक खूण केली.