ताईची लेयर

आमच्या स्टुडिओत मेलेल्या माणसांची गर्दी असते. पासपोर्ट फोटोंवर भाडं निघतं, बाकी धंदा त्यांचाच. कुणाच्या लग्नात वारलेले काका उभे करायचे, कुणाच्या बाळाला न पाहिलेल्या आजीच्या मांडीवर बसवायचं. एकदा एका काकूंनी फोटो पाहून विचारलं, "यांनी कोट कधी शिवला?" मी म्हटलं, "मीच घातला, काकू. मापात बसलाय ना?"

त्यामुळे ताई गेल्यावर आई म्हणाली, "आपल्या चौघांचा एक फोटो करून दे," तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं. चौघांचा फोटो नव्हताच. फोटो काढायची नेहमी ताई.

रविवारी दुपारी घरी लॅपटॉप उघडला. फोटोत सोफ्यावर बाबा, मी, आई. प्रत्येकाची लेयर वेगळी, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा. एकीवर कितीही कापाकापी करा, दुसरीला ओरखडा येत नाही. आईशेजारी ताईला बसवलं. तिचा फोटो जुन्या सहलीतला, हात मैत्रिणीच्या गळ्यात. नवशिके इथेच चुकतात: सरळ क्रॉप मारतात आणि अख्खं कुटुंब कापतात. मी फक्त ताईची लेयर निवडली, कोपरापर्यंत चौकट आखली, बाहेरचं पुसलं. मैत्रीण गेली. कोपरापुढचा हात आईच्या पाठीमागे आहे असं समजायचं. आमच्या धंद्यात बरंचसं समजायचंच असतं.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर हात मनगटापर्यंत आला होता.

सेव्ह करायचं राहिलं असेल म्हणून पुन्हा कापला. संध्याकाळी पंजाही होता. मी मूळ फोटो काढून पाहिला. त्यात पंजा मैत्रिणीच्या वेणीमागे, म्हणजे कॅमेऱ्याने तो कधी पाहिलाच नव्हता. आणि या पंजावर सलाईनच्या सुईची चिकटपट्टी होती. सहलीला कुणी सलाईन लावून जात नाही.

कापला.

सकाळी आई चहा गार करत बसली होती. "ताईने रात्री हात सोडला माझा," ती म्हणाली. "एवढा घट्ट धरलेला."

"स्वप्न असेल."

"तू काही केलंस का रे?"

"फोटो नीट करतोय, आई."

ती दिवसभर जेवली नाही. मग मी फाइलला हात लावायचं सोडलं. आई पुन्हा जेवू लागली, टीव्हीवरच्या बावळट सुनेला शिव्याही घालू लागली. तिकडे बोटं रोज थोडी पुढे सरकत आईच्या खांद्यावर आली. हाताला रंग चढत होता. आईचा उतरत होता, फोटोतही आणि सोफ्यावरही.

"हिला केवढी गाढ झोप लागते हल्ली," बाबा म्हणाले. "हाक मारली तरी लांबून आल्यासारखी उठते."

तेव्हा मी पुन्हा लॅपटॉप उघडला. आई पाठीमागे येऊन उभी राहिली होती.

"राहू दे तिचा हात."

"आई, तू जाशील."

"अंधारात झोपायची नाही ती. तुला माहितीये. दिवा घालवला की माझ्या खोलीत."

"आणि आम्ही?"

आईने माझे केस विस्कटले. "तुम्ही दोघं एकमेकांना आहात की. भांडायला तरी."

"जा, पड जरा," मी म्हटलं. ती निमूट गेली. एरवी कधी माझं ऐकते?

मी कापणार होतो. ती रडली असती, जेवली नसती, पण इथे असती.

ताईची लेयर निवडायला उजवीकडची यादी उघडली.

बाबा. मी. ताई.

वर-खाली सरकवून पाहिलं. आईची लेयर नव्हती.

ताईवर क्लिक केलं. चौकट उमटली, दोघींभोवती मिळून. कुठेही कापलं तरी दोघी कापल्या जाणार होत्या.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, हळू, अंथरुणावर जागा करून मागावी तसा.

"जरा तिकडे सरक, बाळा. आले."