पट्टीवरची तारीख

खिडकी लावून घ्या आधी. आणि मध्येमध्ये कुणी "मग पुढे?" करायचं नाही, माझा धागा सुटतो. ही गोष्ट आमच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरच्या बहिणीची. मी तिच्याच तोंडून ऐकलीय, आणि थापा मारणं त्या बाईच्या रक्तात नाही.

तर त्या शुक्रवारी दुपारी वेल्डर कागदी चिकटपट्टी आणायला गेला होता. घरी आई अंथरुणाला खिळलेली. पडून पडून पाठीला जखम झालेली, तिचं ड्रेसिंग रोज बदलावं लागायचं. नेमकी चिकटपट्टी संपली आणि मेडिकलच्या शटरला कुलूप! दुकानदार गावाला गेलेला. वेल्डर हात हलवत परत आला.

त्याची बहीण नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. आईसुद्धा, थट्टेनं. ही ड्यूटीवरून आली की म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडल्यापडल्याच विचारायची, "आल्या का सिस्टर?" मग सिस्टर हात धुवून आधी तिची पाठ बघायची, चहा नंतर. वर्षभर ती जखम तिनंच सांभाळली होती.

मग परदेशातली नोकरी आली. शहरात नाही हं, चांगलं आडगाव. चार गल्ल्या, एक पेट्रोल पंप आणि बारा खाटांचं हॉस्पिटल. तिथं कुणी नर्स टिकायची नाही, म्हणून हिला बोलावलं. निघायच्या दिवशी आईला "जाते" म्हणायचा हिला धीर होईना. रोज ड्यूटीला जाताना म्हणायची तेच म्हणाली, "आलेच हं, आई." आणि गेली सातासमुद्रापार. तो शब्द तिला तिकडे गेल्यावर रोज टोचत होता.

तिकडे दिवस आपल्या पाच तास आधी उगवतो, हे लक्षात ठेवा. रात्रपाळीला जायच्या आधी तिनं घरी फोन लावला तेव्हा तिच्याकडे रात्र झालेली आणि इकडे दुपारचे चार.

"जुनं ड्रेसिंग तसंच आहे?" तिनं विचारलं.

"ओलं झालंय गं, ताई. पण लावू कशानं? उद्या शहरातून आणतो चिकटपट्टी."

"उद्या? अरे, रात्रभर आग होईल तिच्या पाठीची!"

"मग मी काय करू? तू येतेस का?"

बोलून गेला आणि त्यानं लगेच जीभ चावली. मागून आईचं कण्हणं ऐकू येत होतं. ड्यूटीवर फोन बाळगायचा नाही असा तिथला नियम, म्हणून तिनं तो कपाटात ठेवला आणि वॉर्डात गेली. पाय वॉर्डात, जीव घरी.

रात्री नर्स एकटीच. सोबतीला एक म्हातारा वॉर्डबॉय. हिनं मनातल्या मनात त्याचं नाव डुलकीराव ठेवलं होतं, कारण तो उभ्याउभ्याही घोरू शकायचा. पाच नंबरची खोली तेवढी रिकामी होती. पेशंट दुपारीच घरी गेलेला, गादी पुसून भिंतीला उभी करून ठेवलेली.

तिथली घंटा अशी की पेशंटनं खाटेजवळचं बटण दाबलं की दारावर लाल दिवा लागतो आणि नर्सच्या टेबलापाशी घंटा वाजते. ती बंद करायची तर खाटेपाशीच जावं लागतं. नर्सला टाळाटाळ करता येऊ नये म्हणून.

दोन वाजले असतील. म्हणजे तिच्याकडे शनिवार लागला होता. बारा तारीख. आपल्याकडे अजून अकराच.

पाच नंबरचा दिवा लागला.

ती गेली. खोली रिकामी. बटण बंद करून परत आली.

"वायर खराब असेल," डुलकीराव डोळे न उघडता म्हणाला. "इथलं सगळंच खराब आहे. माझ्या गुडघ्यांसकट."

ती हसली. तेवढ्यात दिवा पुन्हा लागला. पुन्हा गेली, पुन्हा बंद केला.

तिसऱ्यांदा घंटा वाजलीच नाही. नुसता लाल दिवा... आणि आतून कण्हणं.

कुणी पेशंट झोपेत चालत तिकडे गेला असेल, असं तिला वाटलं. ड्रेसिंगचा ट्रे हातात होता, तो घेऊनच ती आत शिरली. मोठा दिवा लावला नाही. कोपऱ्यातला छोटा पुरेसा होता.

गादी खाटेवर आडवी होती.

गादीवर कुणीतरी होतं. भिंतीकडे तोंड करून.

"काय होतंय?" तिनं तिकडच्या भाषेत विचारलं.

उत्तर आपल्या भाषेत आलं.

"आल्या का सिस्टर?"

...

तिनं ट्रे खाटेच्या कडेला टेकवला. समोर पाठ. ओलं, सुटत आलेलं ड्रेसिंग. त्याखाली जखम. ती जखम तिनं वर्षभर रोज पाहिली होती. ती चुकणार कशी?

"आई..."

कण्हणं तेवढं चालू.

"आई, इकडे बघ ना गं."

नाही.

मग हातच कामाला लागले. ओलं काढलं. पुसलं. पाठ गार. फरशीसारखी गार. डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ते जखमेवर पडू नये म्हणून मान वळवतेय. कोरडं ड्रेसिंग ठेवलं. वर चिकटपट्टी. उद्या काढताना म्हातारीचं कातडं सोलू नये म्हणून पट्टीचं एक टोक दुमडून ठेवलं. ती तिची नेहमीची सवय. खिशातलं पेन काढून पट्टीवर तारीख टाकली. तीही सवयच.

आता खांद्याला धरायचं. वळवायचं. तोंड बघायचं, एकदाच.

तिनं हात पुढे केला...

आणि घंटा वाजली. दोन नंबर. दम्याचा म्हातारा. भिंतीपलीकडून त्याची घरघर येत होती. श्वास लागला होता. डॉक्टर तासाभराच्या अंतरावर. हिच्याशिवाय कुणी नाही.

एक पेशंट मरायला टेकलेला. आणि इकडे आई.

ती दारापर्यंत गेली. थांबली. तोंडातून निघून गेलं,

"आलेच हं, आई."

...

म्हातारा वाचला. ऑक्सिजन लावून, डॉक्टरला फोन करून, त्याची छाती शांत होईपर्यंत ती तिथून हलू शकली नाही. मग धावत आली.

गादी भिंतीला उभी होती.

तिनं नियम गुंडाळून ठेवला, कपाटातून फोन काढला आणि घरी लावला. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. भावानं उचलला.

"गेली ना?" तिनंच विचारलं.

"नऊनंतर कधीतरी. झोपेतच." भाऊ रडत होता. "तुला कुणी सांगितलं?"

तिनं पाच नंबरच्या दाराकडे पाहिलं.

"ताई... एक विचारू? बायको आत्ता तिचे कपडे बदलत होती. पाठीवर नवीन ड्रेसिंग आहे. कोरडं. आम्ही कुणी हात नाही लावला गं. घरात चिकटपट्टीच नव्हती."

तिनं खिशातलं पेन काढून मुठीत धरलं.

"एक टोक दुमडलेलंय. तू दुमडायचीस तसं. आणि वर पेनानं तारीख आहे, अक्षर तुझंच..."

"किती तारीख?"

भावानं पुन्हा जाऊन पट्टी पाहिली. मग भाऊ म्हणाला,

"बारा."

इकडे घरच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा तारीख संपायला अजून दीड तास होता.