हललेला फोटो

परशुराम माझ्या वर्गातला. वेंगुर्ल्यात त्याचा फोटो स्टुडिओ होता. साल त्रेसष्ट. देवदिवाळीनंतर चार दिवसांनी तो कसालहून लग्नाचे फोटो काढून परतला, तर दारात शेजारच्या वाडीतला दाजी उभा.

"चल. भयणीच्या चेडवाचो फोटो काढूचो आसा."

दिवस मावळलेला. फ्लॅशचे बल्ब लग्नातच संपलेले. "उद्या सकाळी येतंय," परशुराम म्हणाला.

"उद्या नाय जमाचा."

दाजीच्या घरी गेल्यावर कळलं. त्याच्या बहिणीची लेक, दोन वर्षांची तुळसा, तापाने सकाळीच गेली होती. तिचा बाप भिकाजी तिच्या जन्माआधीपासून बोटीवर, दूरदेशी. त्यानं लेकीचं तोंडही पाहिलं नव्हतं. पोरीला नवा परकर नेसवून, मांडीवर घेऊन तिची आई सुगंधा बसली होती.

"बापाशीक धाडूचो आसा," एवढंच बोलली.

उजेड कंदिलाचा. फिल्म उन्हात वापरायची, मंद. कमी उजेडात तिच्यावर काही उमटत नाही. परशुरामने भिंगाचं तोंड पुरतं उघडलं, तरी भागेना. मग उरलं शटर. ते दहा आकडे मोजेपर्यंत उघडं धरायला हवं. तेवढ्यात जो हलेल, तो फोटोत पुसट होतो. त्याने कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला.

"वैनी, हलू नकात. रडू इला तरी..."

"नाय हलूचंय."

शटर उघडलं. तो मनात मोजू लागला. कंदिलाची वात तेवढी हलत होती.

शटर मिटलं.

दोन दिवसांनी सुगंधा स्वतः स्टुडिओत आली. परशुराम फोटो देईना. "बिघाडलो," म्हणाला. तिने नुसता हात पुढे केला.

फोटोत सुगंधा अगदी स्पष्ट. ओले गाल, लुगड्याचा काठ. पोरीचा परकरही स्पष्ट. फक्त तुळसाचा चेहरा पुसट. खालून वर, आईकडे, ओढल्यासारखा.

"मी हाललंय?"

"नाय."

"मगे तुमचो कॅमेरो?"

"तसा असता तर सगळाच पुसट झाला असता."

मग त्या पुसट चेहऱ्यावर तिने बोट ठेवलं.

"तिका खंय सांगितलात तुमी, हलू नको म्हणान?"

तोच फोटो तिने भिकाजीला धाडला.

परशुराम आता नाही. निगेटिव्ह माझ्याकडे आहे. मी उजेडाला धरून पाहिलीय. तुळसाचे चेहरे दोन आहेत. एक खाली, डोळे मिटलेला. दुसरा वर वळलेला...

त्याचे डोळे उघडे आहेत.